स्टँडवरचा खोकला

माझ्या सासऱ्यांना सगळं शहर ‘भोंगा’ म्हणायचं आणि त्यांना त्याचा राग येत नसे. उलट कोणी आदराने नाव घेऊन हाक मारली तर ते जरा हिरमुसायचे. बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी उभा जन्म गाड्यांच्या घोषणा केल्या. “फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली...” एवढं त्यांनी म्हटलं की बाकावर झोपलेला माणूससुद्धा झोपेतच पिशवीला हात घालायचा. आवाज भरदार, संथ, प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखा. घरी “मीठ कमी आहे” हेसुद्धा ते अशा थाटात सांगायचे, की मला वाटायचं उठून फलाटावर जाऊन उभं राहावं.

या आवाजात एक खोकला होता. तो आजाराचा नव्हता, धंद्याचा होता. स्टँडचा नियम असा होता की गाडी रद्द झाली तरी तसं लगेच सांगायचं नाही. लोक खिडकीवर धावून जातात, कंट्रोलरची गचांडी धरतात. त्यापेक्षा ‘थोड्याच वेळात सुटेल’ म्हणत राहायचं, माणसं आपोआप कंटाळून पांगतात. वरचा हुकूम. बाबा हुकूम मोडणाऱ्यांतले नव्हते आणि खोटं बोलणाऱ्यांतलेही नव्हते. मग त्यांनी मधला रस्ता काढला. “गाडी थोड्याच वेळात, खुक्, सुटेल.” कोरडा, लहानसा, एकच. नवखे लोक बसून राहायचे. रोजचे लोक तो खोकला ऐकला की मुकाट्याने पिशव्या उचलायचे आणि नाक्यावर जीप शोधायला निघायचे. कंट्रोलर किती आले आणि किती बदलून गेले, एकालाही पत्ता लागला नाही. एकाने तर कळवळून खोकल्याच्या औषधाची बाटली आणून दिली होती. बाबांनी ती इमानदारीने संपवली.

घरात तर या खोकल्याचा कायदाच झाला होता. माझा नवरा लहानपणी म्हणायचा, “आई, मी दूध, खुक्, प्यालो.” खोकून बोललेलं खोटं आमच्या घरात खोटं धरत नसत. त्यावर ओरडा मिळत नसे, फक्त दुधाचा पेला परत समोर यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला आधी वाटलं, या लोकांच्या घराण्यातच दमा आहे. मग मी केलेली पहिली भाजी खाऊन हा म्हणाला, “छान, खुक्, झाली आहे,” आणि तिघंही हसत सुटले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. का हसले ते सासूबाईंनी मागाहून येऊन समजावलं, तेव्हा मी भाजी चाखून पाहिली. खोकला योग्यच होता.

आवाज मात्र बापलेकाचा अगदी एक. फोनवर मी दोनतीनदा सासऱ्यांना भलतंच काहीतरी बोलून बसले आहे, ते इथे सांगत नाही. फरक एवढाच की एक स्टँडवर गाड्या सोडायचा आणि दुसरा विमान चालवायचा. लढाऊ विमान.

लढाई सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. दोन अधिकारी आले, टोप्या काढून दारात उभे राहिले आणि म्हणाले, बेपत्ता. टेकड्यांच्या पलीकडे धूर दिसला. हवाई छत्री उघडलेली कोणी पाहिली नाही. पाहिली नाही म्हणजे उघडली नाही असंही नाही. हे सगळं ते इतक्या हळू आवाजात बोलले, की सासूबाईंना मी दोनदा कानाशी ओरडून सांगितलं. त्यांचे कान जड आहेत. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, जिवंत माणसासाठी स्वयंपाक करता येतो. बेपत्ता माणसासाठी काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मी चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत दिवसभर विचारायचं, हे बरं दिसतं की आधीचं बरं होतं?

बाबाही कामावर गेले. तिकीट खिडकीच्या वर ड्रायव्हर-कंडक्टरांनी मिळून माझ्या नवऱ्याचा फोटो लावला होता. गाडी बाहेर काढताना प्रत्येक ड्रायव्हर काचेच्या खोलीपाशी एकदा हॉर्न वाजवायचा. अनोळखी माणसं येऊन बाबांचा हात हातात घ्यायची. बाबांची मान ताठ झाली. “मुलगा देशाच्या कामी आला तर बापाने रडू नये,” असं ते म्हणायचे आणि मला त्यांची भीती वाटायची. ते एक वाक्यसुद्धा खोकल्याशिवाय म्हणायचे.

शत्रूच्या रेडिओवर रोज संध्याकाळी पकडलेल्या लोकांना बोलायला लावत. नाव सांगत नसत. घरच्यांनी तडफडावं हाच हेतू. ते ऐकू नका असं सरकारने बजावलं होतं, म्हणून सगळे ऐकायचे. आम्हीही ऐकायचो, आवाज बारीक करून. त्या संध्याकाळी सासूबाई आत भाजी निवडत होत्या. खरखर झाली आणि त्या खरखरीतून बाबा बोलायला लागले. मी चमकून बाजूला पाहिलं तर बाबा माझ्या शेजारी तोंड मिटून बसलेले.

“मी सुखरूप आहे. मला इथे चांगलं वागवतात...”

जिवंत आहे! मी बाबांचा हात पकडला. पण तो आनंद चहाच्या घोटाइतकाही टिकला नाही. पुढची वाक्यं आली. आमच्या सरकारने आम्हाला फसवून या लढाईत ढकललं. मी टाकलेले बॉम्ब पुलावर पडले नाहीत, वस्तीवर पडले, घरांत माणसं होती, मला त्याची लाज वाटते. माझ्या सोबत्यांनी विमानं खाली ठेवावीत. मधून मधून तो खोकत होता. मला वाटलं, तिकडे थंडी असेल, याने स्वेटर नेला नव्हता. एवढंच मला वाटलं. बाकी सगळं अंग कानशिलापासून तापलं होतं. शेजारच्या औषधवाल्याचा रेडिओ मोठ्यांदा चालू होता, म्हणजे समोरच्या चाळीतही ऐकत असणार, म्हणजे सगळं शहर आमच्या घरातला आवाज शत्रूच्या तोंडून ऐकत होतं.

बाबांनी बटण पिरगाळलं. “तो नाही,” ते म्हणाले.

“बाबा, अहो...”

“तो नाही! आवाज काढणारे पैशाला पासरी मिळतात. बनावट आहे. आणि आत काही बोलायचं नाही.”

मी आत काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही तो नकोच होता. माझा नवरा जिवंत असावा, पण हे बोललेला तो नसावा, असं मला एकाच वेळी हवं होतं. इतकी मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गळ्याला मफलर गुंडाळला. गळा बसला, म्हणाले, आणि कुजबुजत बोलायला लागले. मला लगेच कळलं. मुलाचा आवाज म्हणजे त्यांचाच आवाज. स्टँडवर तोंड उघडलं की माणसं माना वर करणार. म्हणून त्यांनी तोंडच बंद करून टाकलं. रजा काढली. कोणी दारावरून गेलं की खिडकीतल्या खुर्चीत बसून ऐकू जाईल असं खोकायचे, दिवसातून वीस वेळा, आजार खरा वाटावा म्हणून. औषधवाला एकदा दारात आला. सज्जन माणूस आहे, पण बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत आधी पाणी येतं. “काका, त्या दिवशी रेडिओवर...” एवढंच तो बोलला. “आमचा रेडिओ बिघडलाय,” बाबा कुजबुजले आणि दार लावलं. औषधवाला मान खाली घालून परत गेला. पाहा, बाबा मला म्हणाले, आता लोक दारात येऊन थुंकायला लागले.

मी तरी कुठे वेगळी होते? दुकानात एक बाई चाचणीच्या काचेतून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली तर मला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं. शेवटी ती म्हणाली, “आधीचं बरं होतं.” काचेबद्दलच म्हणाली असणार, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग हवाई दलाकडून एक साहेब आले. चामडी पेटीत टेपचं यंत्र घेऊन आले होते. वयाने बाबांहून लहान, पण केस पिकलेले. पेटी टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मी सरळ सांगतो. पकडलेल्यांची नावं ते लोक देत नाहीत. आम्ही ज्यांना नावानिशी मागू, त्यांना पुढेमागे कैद्यांच्या अदलाबदलीत सोडावं लागेल. ज्याला मागितलंच नाही, तो आमच्याकडे कधी नव्हताच, असं म्हणायला ते मोकळे. मग त्या माणसाचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.”

बाबा मफलर घट्ट करत होते.

“तुमच्या मुलाच्या तुकडीतले दोघे म्हणतात, आवाज त्याचाच. एक म्हणतो, नाही. खरखर फार आहे. मला घरच्यांचा शब्द हवा. आणि हे बघा,” साहेबांनी माझ्याकडेही पाहिलं, “तिथे काय बोलायला लावतात ते आम्हाला माहीत आहे. ते नंतर बघू. आधी माणूस हातात येऊ दे.”

यापेक्षा सोपं कोणी काय सांगणार? सासूबाई आत चहा टाकत होत्या. साहेबांनी टेप लावली. घरात ते वाक्य न् वाक्य परत फिरलं, आणि मधे मधे खोकला. बाबा ऐकतच नव्हते. ते आपल्या चपलांकडे बघत होते. ज्याला नाही म्हणायचंच आहे, तो कशाला ऐकेल? टेप संपायच्या आत ते कुजबुजले, “नाही. हा माझा मुलगा नाही.”

“पुन्हा लावू?”

“बाप आहे मी. नाही म्हणतोय ना.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मी बोलले असते. माझी जीभ काही लहान नाही. पण त्या माणसाने जन्मात कोणापुढे हात पसरले नव्हते, आणि आता मफलरमधून ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी तोंड उघडलं की ते भर चौकात उघडे पडणार. मी म्हणाले, “बाबा म्हणतात तसं.” झालं. नवऱ्याचा जीव टेबलावर ठेवला होता आणि मी मूग गिळले.

साहेबांनी पेटी बंद केली, चहा न घेताच गेले. त्यानंतर सासूबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि बाबांवर कावल्या.

“गेले? तुम्हाला काही रीत आहे का हो? पाहुण्यासमोर तो स्टँडवरचा खोकला कशाला काढायचा? कुठली गाडी रद्द झाली?”

“मी खोकलो नाही,” बाबा कुजबुजले.

“काय?”

“आई, बाबा नाही खोकले,” मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

“मला शिकवू नका. बोलणं कळत नाही मला, पण खोकला कळतो. आतापर्यंत इथे खिडकीत खोकत होतात तो नाही काही, तो नाटकातला. हा खरा. स्टँडवरचा. चार वेळा की पाच वेळा. मी आत म्हटलं, एवढ्या गाड्या रद्द कशा झाल्या?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांचं तोंड उघडंच राहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्या माणसाने तो खोकला जन्माला घातला, त्याला तो ऐकू आला नव्हता. आणि मी? मला स्वेटर आठवला होता.

“‘मला इथे, खुक्, चांगलं वागवतात,’” बाबा म्हणाले. कुजबुज नव्हती ती. मफलरमधून खरा आवाज बाहेर आला होता. “‘आमच्या सरकारने, खुक्, फसवून...’ देवा रे! तो मला सांगत होता. अगं, तो मला सांगत होता!”

“कोण?” सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला. “कोण सांगत होता?”

मग सांगावंच लागलं. मी एकेक वाक्य ओरडून सांगितलं, रेडिओ, टेप, सगळं. आम्ही लपवलं म्हणून त्या आमच्यावर आगपाखड करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे जिवंत आहे?”

“हो.”

“मग त्या साहेबांना तुम्ही काय सांगितलंत?”

बाबा मफलर चाचपायला लागले. मीच म्हणाले, “नाही म्हणाले. माझा मुलगा नाही, म्हणाले. मीही तेच म्हणाले.”

सासूबाई नवऱ्याकडे वळल्या. “खोकून म्हणालात?” त्यांनी विचारलं. “की नुसतंच?”

इतके दिवस उगाचच खोकणारा माणूस, नेमका खोटं बोलताना खोकला नव्हता. बाबांनी मफलर सोडला. तो हातात घेऊन ते उभे राहिले, तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. एवढा लाजलेला म्हातारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही. माझीही आली नाही.

फोन औषधवाल्याकडे होता. बाबा अनवाणीच तिकडे धावले, मी त्यांच्या चपला घेऊन मागून. साहेब मुक्कामाला पोचले नव्हते. निरोप ठेवून बाबा काउंटरला टेकून उभे राहिले, तेव्हा औषधवाला हळूच म्हणाला, “काका, त्या दिवशी मी तेच सांगायला आलो होतो. रेडिओवर पहिला खोकला आला आणि मी बायकोला म्हटलं, हा भोंग्याचा मुलगा, आणि बिचाऱ्याकडून वदवून घेताहेत. स्टँडवरच्या रोजच्या सगळ्या माणसांना कळलं. पण बाहेर कोणी बोललं नाही. तुम्हीच काही बोलत नाही म्हटल्यावर वाटलं, तुम्हाला वरूनच गप्प राहायला सांगितलं असेल.”

म्हणजे ज्या नजरा आम्ही चुकवत होतो, त्यांत तिरस्कार नव्हताच. लोक आमच्या तोंडाकडे बघत होते ते आम्ही काय म्हणतो याची वाट बघत. आणि आमची तोंडं मफलरमध्ये. बाबांनी औषधवाल्याला हात जोडले. तो गडबडून म्हणाला, “अहो काका, हे काय!”

सकाळच्या बातम्यांत आपल्याच रेडिओने सांगितलं: शत्रूने प्रसारित केलेला वैमानिकाचा आवाज बनावट असून खुद्द वडिलांनीच तो ओळखण्यास नकार दिला आहे. ‘खुद्द’ या शब्दावर निवेदकाने जोर दिला होता. चांगला दिला होता. बाबांनीही असाच दिला असता.

बाबा रजा मोडून कामावर गेले. निरोप मिळाल्यावर साहेब दुपारी थेट स्टँडवर आले. वैतागले होते आणि का वैतागू नयेत? “काल नाही, आज हो. मी वर काय सांगू? की वडिलांना रात्री स्वप्न पडलं?”

“सांगू नका,” बाबा म्हणाले. “बघा.”

त्यांनी साहेबांना काचेच्या खोलीत आपल्या बाजूला उभं केलं. मी दारात होते. खाली दोन नंबरच्या फलाटासमोर माणसं बसली होती. पेट्या, पिशव्या, कडेवरची पोरं. दोन नंबरची गाडी खरोखरच रद्द झालेली होती, इंजिन उघडून मेकॅनिक आत वाकला होता. बाबांनी माइक ओढला. इतक्या दिवसांनी आवाज आला म्हणून खालच्या माना वर झाल्याच. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवरील गाडी थोड्याच वेळात,” आणि ते खोकले, “सुटेल.”

बाकावरचा एक म्हातारा उठला. मग दोन बायका. मग सबंध रांगच्या रांग उठली, कोणी कोणाला काही बोललं नाही, पिशव्या उचलून माणसं नाक्याकडे चालायला लागली. राहिलं एक नवखं जोडपं, ते इकडेतिकडे बघत बसलं. जाता जाता त्या म्हाताऱ्याने काचेकडे बघून हात वर केला.

साहेबांनी काचेपाशी वाकून रिकामे बाक बघितले. “कधीपासून चाललंय हे?”

“मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून,” बाबा म्हणाले. त्यांनी माइकचं बटण दोनदा तपासून बंद केलं. “आता लावा तुमची टेप.”

साहेबांनी टेप लावली. बाबा डोळे मिटून बसले आणि प्रत्येक खोकल्याला एक बोट टेबलावर टेकवत गेले. चांगलं वागवतात. बोट. सरकारने फसवलं. बोट. मग ते वाक्य आलं: बॉम्ब पुलावर पडले नाहीत, वस्तीवर पडले, घरांत माणसं होती, मला त्याची लाज वाटते. बोट वरच राहिलं. साहेबांनी टेप मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

“इथे खोकला नाही,” साहेब म्हणाले.

“नाही.”

“एवढ्या खरखरीत कळलं नसतं. तुम्ही बोट टेकवलं असतं तरी मी वाद घातला नसता.”

“काल एकदा न खोकता बोललोय,” बाबा म्हणाले. “तेवढं पुरे झालं. त्या वाक्याची लाज त्याला आहे, साहेब. ती त्याची आहे. मी ती झाकणार नाही.”

मला ते वाक्य तेव्हा पहिल्यांदा खरं ऐकू आलं. घरांत माणसं होती. आम्ही शेजारी काय म्हणतील याने तोंड लपवत होतो आणि हा तिकडे त्या घरांची लाज घेऊन बसला होता. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, याचीसुद्धा मला लाज वाटली.

साहेब पेटी आवरत म्हणाले की मागणी आजच जाईल आणि हे खोकल्याचं या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. मी म्हणाले, इतक्या कंट्रोलरांना कळलं नाही, शत्रूला काय कळणार. ते हसले नाहीत. दारात थांबून म्हणाले, “एक गोष्ट आहे. तुमचं कालचं ‘नाही’ मात्र त्यांनीही ऐकलं असेल. ते त्याला ऐकवतील. मुद्दाम ऐकवतील.”

बाबांनी माइक पुढे ओढला. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या गाड्यांच्या घोषणा केल्या. एकही चुकली नाही.

पुढचे दिवस आम्ही रेडिओ उघड उघड लावायचो, खिडक्या सताड उघड्या ठेवून. औषधवाला दुकान बायकोवर सोपवून आमच्या दारात येऊन उभा राहायचा. सासूबाई यंत्राला कान लावून बसायच्या, त्यांना खरखरीखेरीज काही कळत नसे, पण त्या हलत नसत. आणि एके संध्याकाळी त्या लोकांनी पहिल्यांदाच नाव सांगितलं. त्याचं नाव, हुद्दा, वडिलांचं नाव. आता त्यांना तो नाकारता येणार नव्हता. मी सासूबाईंचा खांदा दाबला.

मग तो बोलला. आवाज बारीक झाला होता, पण तोच. “मी सुखरूप आहे. माझ्या वडिलांनी माझा आवाज ओळखला नाही, असं मला इथे सांगण्यात आलं.” खोकला नाही. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. “त्याबद्दल माझी त्यांच्यावर काही तक्रार...”

 बाबांचे ओठ हलत होते. काय मागत होते कोण जाणे.

“खुक्. नाही.”

पुढे तो आणखी काही बोलला, चांगल्या जेवणाबद्दल, त्यालाही खोकला. मग संगीत सुरू झालं. औषधवाला दारातून हळूच निघून गेला.

“खोकला ना?” सासूबाईंनी विचारलं. “शेवटी दोनदा खोकला. कशाला खोकला?”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीच सांगावं असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं, कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून: “जेवणाला एकदा. आणि माझ्यावर तक्रार नाही म्हणाला, त्याला.”

सासूबाईंनी जरा विचार केला. “मग बरोबर खोकला,” त्या म्हणाल्या. “येऊ दे. आला की चांगला भांडेल तुमच्याशी.”

त्यावर बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण या वेळी त्यांचा गळा खरोखरच बसला होता.